मलपृष्ठावरचा जिना

नवं पुस्तक हातात आलं की बाई ते आधी पालथं घालायच्या. मुखपृष्ठ, नाव, लेखक, हे सगळं मागाहून.

लेखकाच्या तोंडावर त्यांनी कधी "छान लिहिलंय" म्हटलं नाही. "कागद चांगला निघाला," म्हणायच्या. फारच विरघळल्या तर, "शिवण पक्की आहे."

कच्चं लिखाण पाठकोऱ्या कागदावर. पाठकोरे संपले तर दुसऱ्याच्या टेबलावरून उचलायच्या, पण कोऱ्या कागदाला हात लावायच्या नाहीत.

एखाद्या हस्तलिखितातलं वाक्य आवडलं की पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघायच्या. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती आणि भिंतीवर एक पाइप.

कुणाच्या पुस्तकाला बक्षीस मिळाल्याची बातमी आली की त्यांचा उजवा खांदा धरायचा. मग दिवसभर त्या डाव्या हाताने चहा प्यायच्या.

नाव काहीतरी होतंच, पण छापखान्यात सगळे त्यांना बाई म्हणत. वय पन्नाशीच्या पुढचं, आवाज बारीक, जीभ तिखट. छापखाना तीन खोल्यांचा. पुढच्या खोलीत मालक आणि गिऱ्हाइकं. मधल्या खोलीत दोन संगणक आणि बाईंचं टेबल. मागच्या खोलीत यंत्र. ते सुरू झालं की बाईंच्या कपातल्या चहावर बारीक बारीक वर्तुळं उठायची.

तिथे येत ते स्वतःचं पुस्तक स्वतः काढणारे लेखक. काहींना प्रकाशकांनी दारातून परत पाठवलेलं असे, काहींनी दार ठोठावलेलंच नसे. मालकांनी त्यांचे तीन वर्ग पाडले होते. हसवणारे, उसासे टाकणारे आणि लग्न लावणारे. म्हणजे विनोद, कविता आणि प्रेमकथा. "बाकी जगात आहे काय?" असं मालक विचारत, आणि उत्तराची वाट न बघता कागदाचा भाव सांगत.

या सगळ्या पुस्तकांच्या मलपृष्ठावरचा मजकूर बाई लिहीत. छापखान्याच्या भाषेत त्याला नुसतं "मागचं" म्हणत.

"बाई, कवितांचं मागचं झालं का?"

"बाई, डॉक्टरांचं मागचं द्या हो, यंत्र रिकामं बसलंय."

खाली नाव नसे. नाव कुणी विचारतही नसे. पण दुकानात लोक पुस्तक पालथं करून ते दहा ओळींचं मागचं वाचत, आणि पुस्तक घेऊन जात. घरी गेल्यावर ते पुस्तक उघडत. तिथून पुढची जबाबदारी बाईंची नव्हती.

बाईंची एक पद्धत होती. पहिलं प्रकरण वाचायचं, शेवटचं वाचायचं, आणि मध्ये पुस्तक आपण होऊन जिथे उघडेल ते एक पान वाचायचं. अख्खं पुस्तक त्या वाचत नसत. "शितावरून भाताची परीक्षा," म्हणायच्या. "भात सगळा मीच खायचा, तर मग वाचकांनी काय खायचं?"

मालकांचाही एक नियम होता. मागचं लेखकाला आधी दाखवायचं नाही. दाखवलं की प्रत्येक जण आणखी दोन विशेषणं मागायचा. म्हणून लेखकाला पुढचं चित्र दाखवत, नावाची अक्षरं दाखवत, आणि मागची बाजू तो तयार पुस्तक हातात घेऊनच बघायचा.

हा पुस्तक हातात घेण्याचा क्षण बाईंना सोसत नसे. एक दातांचे डॉक्टर होते, त्यांनी विनोदी लेखांचं पुस्तक काढलं होतं. पहिली प्रत उघडून ते स्वतःच्याच विनोदावर हसत सुटले. खोकला लागला, पाणी द्यावं लागलं, तरी थांबेनात. टपाल खात्यातला एक कवी होता. त्याने पुस्तक गालाला लावलं आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. बाई मधल्या दारातून बघत होत्या.

"काय मेलं बाळंतपण," त्या पुटपुटल्या. मग पुढे होऊन म्हणाल्या, "कागद चांगला निघाला हं."

बाईंच्या घरी त्या शाळेत असल्यापासूनच ठरलेलं होतं की ही लेखिका होणार. कॉलेजच्या अंकात त्यांची एक कथा आली. वडिलांनी तो अंक बैठकीच्या खोलीत ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कथा वाचावीच लागे. पाहुणा वाचत असताना धाकटी बहीण त्याच्यासाठी पाणी घेऊन उभी असे. त्यानंतर बाईंनी कथा लिहिली नाही. आता एकदम कादंबरीच लिहायची होती. विषय मोठा होता, म्हणून वेळ लागत होता. मग आईचं आजारपण आलं, मग नोकरी आली, आणि मधल्या काळात विषय आणखी मोठा झाला.

अशातच एका सकाळी ती धाकटी बहीण छापखान्यात आली.

तिला सगळे बेबी म्हणत. चाळिशी उलटली, दोन मुलं कॉलेजात गेली, तरी बेबीच. ती केस कापायचं, रंगवायचं दुकान चालवायची. बाईंच्या मते तिने आयुष्यात शाम्पूच्या बाटलीवरची सूचना सोडली तर काही वाचलं नव्हतं.

"ताई, तुझ्याकडे काम घेऊन आलेय."

"मला केस कापायचे नाहीयेत."

"केसांचं नाही गं. पुस्तकाचं."

"पावतीपुस्तक ना? ते मालकांना सांग. किती पानी हवंय?"

"पावत्यांचं नाही गं बाई. गोष्टीचं. कादंबरी."

"कुणाची?"

"माझी."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं.

झालं होतं असं, की बेबी दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मोबाईलवर एक गोष्ट लिहीत होती. रोज एक भाग. कुणाच्या डोक्याला रंग लावला की तो मुरेपर्यंत वेळ असतो, त्या वेळात. ते भाग वाचणारे शेकडो होते, मग हजारो झाले. आता त्यांना पुस्तक हवं होतं.

"वाचतात लोक?" बाईंनी विचारलं.

"वाचतात ना. एक दिवस भाग टाकला नाही तर शिव्या देतात."

"नाव काय ठेवलंयस?"

"वरच्या मजल्यावरचे पाय."

"आणि तुझं? लेखिकेचं नाव?"

"बेबी. मोबाईलवर तेच आहे."

"पुस्तकावर बेबी? लोक बाळसंगोपनाचं समजतील."

"समजू देत की. घेतील तरी!" बेबी खळखळून हसली. पुढच्या खोलीत मालकही हसले. मग ती टेबलावर दोन्ही हात टेकून वाकली. नखांच्या कडांना केसांचा रंग बसलेला होता. "ताई, मागचं तूच लिही हं. आणि आधी सगळं वाच. अगदी सगळं. बाकी कुणी काही म्हणू दे, मला तुझं ऐकायचंय."

"वाचीन," बाई म्हणाल्या.

कानामागून आली आणि तिखट झाली, हे त्या मनातल्या मनात म्हणाल्या. ती गेल्यावर मोठ्यानेही म्हणाल्या. यंत्र चालू होतं, कुणाला ऐकू गेलं नाही.

बाईंनी आपल्या पद्धतीने वाचलं. पहिल्या प्रकरणात खालच्या मजल्यावर शर्ट शिवणारी एक बाई होती, आणि वरच्या मजल्यावर पोहायला शिकवणारा एक माणूस. ती शिवता शिवता त्याच्या पावलांचा आवाज ऐकायची. तो गावाला गेला की त्याच्या घराची किल्ली हिच्याकडे, कारण त्याच्या झाडांना पाणी घालायचं असे. एका पानात तिचं हृदय तीनदा धडधडलं. बाईंना बरं वाटलं. शेवटच्या प्रकरणात लग्न होतं आणि सगळे रडत होते. बाईंना आणखी बरं वाटलं.

मग त्यांनी मधलं पान उघडू दिलं. तिथे काजांबद्दल लिहिलेलं होतं. ती बाई त्याच्या शर्टाची काजं करतेय, आणि प्रत्येक काज मुद्दाम जरा घट्ट ठेवतेय, म्हणजे बटण लावताना त्याला रोज थोडा उशीर होईल.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पाइपकडे बघत बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी तो गठ्ठा बंद केला आणि पुन्हा उघडला नाही.

मागचं लिहायला बसल्या तेव्हा त्यांचा खांदा धरला होता. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी "एका साध्या स्त्रीची" असं लिहून खोडलं. "प्रेमाच्या नाजूक" असं लिहून खोडलं. बेबीच्या गोष्टीतलं काही लिहायला हातच उठेना. आणि मग हाताने दुसरंच काहीतरी लिहिलं.

कॉलेजात असल्यापासून बाईंच्या डोक्यात एक प्रसंग होता. मोठ्या कादंबरीतला. बाकी कादंबरी अजून यायची होती, पण हा प्रसंग आलेला होता, पूर्ण, ओळींसकट. त्यांनी तो जपून ठेवला होता. लग्नातली साडी जपावी तसा, मधूनमधून उघडून बघत. आणि आता तो त्यांनी बेबीच्या पुस्तकाच्या पाठीवर उतरवून दिला.

"जिन्यातला दिवा गेलेला आहे. ती भिंतीला हात लावत चढते आहे. मुठीत किल्ली, इतकी घट्ट की तिचे दाते तळहातावर उमटलेत. वर त्याचं दार. खाली टॅक्सी उभी, मीटर चालू. वळणावर ती थांबते. आजवर तिने कुणाचीच वस्तू परत केलेली नाही."

असं दिलं कशाला? बाईंना स्वतःलाही ते नीट सांगता आलं नसतं. एवढंच खरं, की कुणीतरी ते पुस्तक पालथं करावं, हे वाचावं, मग पुस्तक उघडून बेबीचं वाचावं, आणि दोन्हीतला फरक त्याला कळावा, असं त्यांना फार वाटलं.

मालकांनी मजकूर वाचला. "बाई, काटा आला हो अंगावर." पुस्तकात जिना आहे की नाही, हे त्यांनी बघितलं नाही. बघण्याची पद्धतच नव्हती. रात्रपाळीच्या कामगाराने छापलं, बांधणाऱ्याने बांधलं.

प्रकाशन बेबीच्या दुकानातच झालं. केस वाळवायच्या खुर्च्यांवर वाचक बसले होते. काही बायका डोक्याला रंग लावलेल्या अवस्थेतच थांबल्या होत्या. बेबीने पहिली प्रत हातात घेतली, उघडली, वास घेतला, मग पालथी केली. वाचता वाचता तिचे ओठ हलत होते. तिने मान वर करून ताईकडे बघितलं. मग प्रती वाटायला घेतल्या.

सगळे गेल्यावर ती केर काढत होती. फरशीवर केस आणि कागदी पेले एकत्र झाले होते.

"ताई, हा जिना कुठून आला गं?"

"का? तुझ्या कादंबरीत नाही?"

"नाहीये. किल्ली आहे. जिना नाही. टॅक्सी तर नाहीच नाही."

"मग असायला हवा होता," बाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी घरून तयार करून आणलं होतं. पुढचं भांडणही तयार होतं. बेबी चिडेल, रडेल, मग आपण काय म्हणायचं, हे सगळं.

बेबी केरसुणी धरून विचार करत उभी राहिली. "खरंच गं," ती म्हणाली. "असायला हवा होता."

बाईंचं भांडण तसंच घडी घालून परत गेलं.

पुढच्या काही आठवड्यांत छापखान्यात पुस्तकं परत यायला लागली. रागाने कुणी आणत नव्हतं. एक शिक्षिका आली आणि नम्रपणे म्हणाली, "माझ्या प्रतीत काही पानं गळालीत वाटतं." मग एक म्हातारे गृहस्थ आले. मग टपालाने दोन प्रती आल्या. सगळ्यांची तक्रार एकच. जिन्याचा भाग नाही.

मालकांनी एक प्रत घेऊन फर्मे तपासले. सोळा-सोळा पानांचे फर्मे, एकही उलटसुलट नाही. पानांचे आकडे सलग. त्यांनी दुसरी प्रत घेतली. मग चष्मा पुसून तिसरी. शेवटी मधल्या खोलीत आले.

"बाई, जिना कितव्या पानावर आहे?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"बाई?"

"मलपृष्ठावर."

मालक खुर्चीत बसले. इतकी वर्षं त्यांनी बाईंना आवाज चढवून काही म्हटलं नव्हतं. आताही म्हटलं नाही. "असं कसं हो केलंत? तुमच्याच बहिणीचं पुस्तक ते."

"म्हणूनच," बाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी खोकल्यासारखं केलं.

पण गंमत अशी, की पुस्तक संपलं होतं. पानं गळाली, पानं गळाली अशी चर्चा झाली आणि ज्यांनी घेतलं नव्हतं तेही जिना शोधायला घेऊन गेले. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली. बेबी छापखान्यात आली तेव्हा मालकांनी तिची माफी मागितली आणि म्हणाले, "मागचं बदलून टाकू या आपण."

"अजिबात नाही," बेबी म्हणाली. "तेच तर लोकांना आवडलंय. जिना आत घालू या."

"तुम्ही लिहाल?"

"मी कशाला? जिना ताईचा आहे. ताई लिहील. तिचं नाव घालू खाली."

बाई मधल्या खोलीत बसल्या होत्या. दार उघडं होतं.

मालकांनी हिशेब केला. "शेवटच्या फर्म्यात तीन पानं कोरी उरतात. त्यात बसवा म्हणावं."

"म्हणजे उरलंसुरलं मला," बाई आतून म्हणाल्या.

बेबी उठून मधल्या दारात आली. "उरलंसुरलं कशाला? मधेच घालू. तुला हवं तिथे. हवी तेवढी पानं घे."

"फर्मा वाढेल ना," मालक म्हणाले.

"वाढू दे."

बाईंना वाटलं होतं की ती तीन पानांवर अडून बसेल. मग नाही म्हणता आलं असतं. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? हात दाखवून अवलक्षण झालं होतं. इतकी वर्षं ज्याला वेळ नव्हता, जागा नव्हती, कुणी विचारत नव्हतं, ते सगळं बेबीने एका वाक्यात टेबलावर आणून ठेवलं.

"बघते," बाई म्हणाल्या.

त्यांनी रजा काढली. घरी खिडकीजवळचं टेबल पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा कोऱ्या कागदांचा गठ्ठा विकत आणला. पहिलं पान सुरेख उतरलं. अंधार, भिंतीचा ओला गिलावा, मुठीतली किल्ली, खाली मीटरची टिकटिक. ती बाई वळणावर येऊन थांबली.

आणि थांबली ती थांबलीच.

बाईंनी तिला हलवून बघितलं. एक पायरी वर नेलं, ते खोटं वाटलं. एक पायरी खाली आणलं, ते त्याहून खोटं वाटलं. आजवर तो प्रसंग वळणावरच संपत होता. तिथे संपतो यातच त्याची सगळी खुबी आहे, असं त्या मानत आल्या होत्या. आता पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की ही बाई किल्ली परत करायला का निघालीये, हे त्यांना माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं. विचारावंसंच वाटलं नव्हतं.

ते कळायचं तर आता एकच वाट होती. ती बाई आता बेबीच्या गोष्टीतली झाली होती. बेबीची गोष्ट वाचायला हवी होती.

त्या पेन्सिल घेऊनच वाचायला बसल्या. चुका काढायच्या होत्या. पहिल्या दहा पानांत भरपूर निघाल्या. धडधड, थरथर, टपोरे अश्रू. वाक्यं तर दुकानात टांगलेल्या तयार पडद्यांसारखी, कुठल्याही खिडकीला चालतील अशी. मग कधीतरी पेन्सिल घरंगळून पलंगाखाली गेली. बाईंनी ती काढली नाही.

मधल्या भागात तो माणूस आपल्या बहिणीला सांगतो, "खाली एक बाई राहतात, झाडांना पाणी घालतात." खालच्या मजल्यावर ते ऐकू येतं. झाडांना पाणी घालणारी, एवढंच. ती त्याच्यासाठी शर्ट शिवत राहते आणि ते कपाटात ठेवत जाते. कपाट भरतं. मग ती कपाटाला कुलूप घालते आणि दुसऱ्या दिवशी कुलपाचीच लाज वाटून काढून टाकते.

बाई वाचत राहिल्या. चहावर साय धरली.

हे हिला कुठून कळलं? हा प्रश्न त्यांना पान उलटताना सारखा टोचत होता. आपण पुस्तकं चाळत होतो, थोरामोठ्यांची वाक्यं पाठ करत होतो. ही पोरगी पाण्याचा पेला घेऊन पाहुण्यासमोर उभी असायची. पाहुणा कथा वाचायचा आणि ही त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. त्याला कुठे कंटाळा आला, त्याने कुठे खोटी मान हलवली. सगळं बघायची. आपण तर फक्त पाहुणा कितव्या पानावर पोचला, ते बघत होतो.

संपलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पुस्तक वाईट असतं तर किती सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या बेबीच्या दुकानात गेल्या. बेबी एका स्थूल गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावत होती. हातात मोजे, दातांत कंगवा.

"ताई! बस ना. जिना झाला?"

"चढतेय," बाई म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत. "एक विचारायचंय. ती किल्ली परत करायला का जाते?"

बेबीने कंगवा दातांतून काढला. विचार करावा लागला नाही. "परत करायला कोण जातं? किल्ली द्यायचीच असती तर दाराखालून सरकवली असती की. ती भांडायला जाते. किल्ली आपली निमित्ताला."

"मग भांडते?"

"कुठलं! तो घरीच नसतो."

गिऱ्हाईक आरशातून म्हणालं, "अगंबाई!"

"हो ना," बेबी तिलाच सांगायला लागली. "दिवा नाही, काळोख, एवढा जिना चढून गेली, आणि हा घरी नाही. मग काय करणार? किल्ली हातात आहेच. दार उघडते, आत जाते. झाडं बघते तर सुकलेली. त्यांना पाणी घालते, आणि किल्ली घेऊन परत येते. डोकं हलवू नका हो, कपाळाला लागेल."

"टॅक्सी?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता.

"टॅक्सी गेलेली असते. कंटाळून." बेबी ब्रश वाटीत बुडवत म्हणाली. "का गं? तुझं काय आहे पुढे? माझं राहू दे, मी आपलं सुचलं ते बोलले. तुझं काहीतरी भारी असणार."

"हं," बाई म्हणाल्या.

"सांग ना."

"छापल्यावर वाच."

घरी येताना त्या दोनदा चुकीच्या गल्लीत शिरल्या. रंग मुरायच्या आत, परक्या बाईच्या टाळूवर बोटं चालवत, बेबीने तो प्रसंग पुरा केला होता. आणि बरोबर पुरा केला होता. त्यात कानामात्रा बदलायला जागा नव्हती. बाई साहित्य शिकल्या होत्या, बरोबर काय ते त्यांना ओळखू येत होतं. तेवढंच त्यांना येत होतं, असं त्यांना त्या गल्लीत वाटलं.

आता दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होणार. आणि हे लिहिलं तर ते बेबीचं.

रजा संपली तरी बाई कामावर आल्या नाहीत. मालकांनी फोन केला. "बाई, जिना?" "चढतेय." पुन्हा केला. "चढतेय हो." मग त्या फोन उचलेनाशा झाल्या. राजीनामा दिला नाही, टेबलातलं सामान नेलं नाही. दुसरी आवृत्ती तशीच थांबलेली आहे. मालकांनी बेबीला दोनदा सुचवलं, जिन्याशिवाय काढू या, वाचक विसरतील. "ताईचं झाल्याशिवाय नाही," ती म्हणते. प्रेमाने म्हणते. तेच बाईंना सगळ्यात जास्त लागतं.

मागचं आता मालक स्वतः लिहितात. प्रत्येक पुस्तक वाचनीय असतं आणि प्रत्येक लेखक संवेदनशील. नव्या कवितांचा संग्रह, नव्या विनोदी कथा, दोन प्रेमकथा, सगळ्यांच्या पाठी सारख्याच.

बेबी दर रविवारी बाईंकडे जाते, त्यांच्या केसांना रंग लावते. टेबल खिडकीपाशी आहे. त्यावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा, आणि वर लिहिलेली दोन पानं. बेबी तिकडे बघत नाही. छापल्यावर वाच म्हटलंय ना.

दुसरं पान अर्धंच भरलेलं आहे. वरच्या ओळी स्वच्छ, एका दमात लिहिलेल्या. मग वळण येतं. वळणापासूनच्या ओळी इतक्या वेळा खोडून पुन्हा लिहिल्यात की कागद तिथे पातळ झालाय. दर वेळी त्याच ओळी, शब्दही तेच.

"वळणावर ती थांबली. मग उरलेल्या पायऱ्या चढून दारापाशी आली. दाराखालून उजेड येत नव्हता. तो घरी नव्हता. तिने मूठ उघडली आणि किल्ली"